इटलीच्या खालच्या श्रेणीतील मध्यरक्षकाची कारकीर्द कशी वाचावी

इटलीच्या खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या एखाद्या मध्यरक्षकाचे नाव शोधले की बहुधा एक तक्ता समोर येतो: हंगाम, क्लब, श्रेणी, सामने आणि गोल. पंधरा-सोळा वर्षांत दहा-बारा क्लब, मध्येच एखाद्या हंगामासमोर दोन क्लबांची नावे आणि गोलांच्या रकान्यात शून्य, एक, दोन असे आकडे. वरवर पाहणाऱ्याचा ग्रह असा होतो की हा खेळाडू कुठेच टिकला नाही. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. त्या काळात त्याची नोंदणी कोणत्या क्लबच्या मालकीची होती, कोणता क्लब दिवाळखोरीत गेला, वयाची कोणती अट त्या वर्षी लागू होती, हे माहीत असले तर त्या तक्त्यातील बहुतेक ओळींची कारणे खेळाडूच्या पायांपेक्षा कार्यालयातल्या कागदांत सापडतात. सेरी सीचे, म्हणजे इटलीच्या तिसऱ्या श्रेणीचे, निकाल आणि संघांच्या याद्या मी वर्षानुवर्षे नेमाने पाहत आलो आहे, आणि ज्यांचे नाव कधी मथळ्यात येत नाही अशा खेळाडूंच्या कारकिर्दी नीट वाचल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते.

मध्यरक्षकाच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक आहे, कारण तक्ता त्याच्याविषयी सर्वांत कमी सांगतो. आघाडीवीराचे गोल मोजता येतात, गोलरक्षकाने किती गोल स्वीकारले हेही नोंदलेले असते. परंतु बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू अडवणारा, उंच चेंडूवरच्या झुंजीनंतर सुटा पडलेला चेंडू आधी गाठणारा आणि तो जवळच्या सहकाऱ्याकडे देऊन पुन्हा आपल्या जागेवर परतणारा जो खेळाडू, ज्याला इटलीत 'मेदियानो' म्हणतात, त्याच्या वाट्याला सामन्यांची संख्या आणि पिवळी कार्डे एवढेच आकडे येतात. सेरी सीमध्ये हे काम वरच्या श्रेणींपेक्षा कष्टाचे असते. हिवाळ्यात मैदाने जड होतात, काही ठिकाणी कृत्रिम गवत असते, आणि मध्यभागात सुटलेला चेंडू कोणाला मिळतो यावर कितीतरी सामने ठरतात. म्हणून सामन्यांचा रकाना फार बारकाईने पाहावा लागतो. ३८ पैकी ३४ सामने खेळलेला मध्यरक्षक म्हणजे प्रशिक्षकाला ज्याच्यावाचून संघ उतरवणे पटत नव्हते असा खेळाडू. एका क्लबकडे १७ आणि दुसऱ्याकडे १४ सामने दिसले तर तो जानेवारीतल्या खरेदी-विक्रीच्या काळात हलला. अवघे सहा-सात सामने दिसले तर एक तर गुडघ्याची दुखापत झालेली असते किंवा उन्हाळा संपेपर्यंत कोणी करारच दिलेला नसतो.

श्रेणींची नावेही वाचकाला गोंधळात टाकतात. आज सेरी सी ही इटलीतील तिसरी आणि शेवटची व्यावसायिक श्रेणी आहे. तिच्यात ६० संघांची तरतूद असून ते २०-२० च्या तीन गटांत, साधारणपणे भूगोलाला धरून, विभागलेले असतात. १९७८ ते २००८ या काळात याच पातळीचे सी१ आणि सी२ असे दोन थर होते. २००८ मध्ये त्यांना लेगा प्रोची पहिली आणि दुसरी दिव्हिझिओने अशी नावे मिळाली, २०१४ मध्ये दोन्ही एक झाले आणि २०१७ मध्ये सेरी सी हे जुने नाव परत आले. त्यामुळे १९८५ च्या सुमारास जन्मलेल्या खेळाडूच्या तक्त्यात एकाच दर्जाच्या फुटबॉलची तीन-चार नावे आढळतात. त्याखाली नऊ गटांची सेरी डी येते, जी कायद्याच्या दृष्टीने हौशी फुटबॉलमध्ये मोडते, आणि तिच्याखाली एच्चेल्लेन्झापासून तेर्झा कातेगोरियापर्यंत प्रादेशिक व स्थानिक पायऱ्या आहेत.

आता मालकीचा प्रश्न. २३ मार्च १९८१ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्यापूर्वी इटलीतील व्यावसायिक खेळाडू आपल्या क्लबशी जवळजवळ कायमचा बांधलेला असे. क्लबने सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे जाता येत नसे. हे बंधन सुटण्यामागे खेळाडूंच्या संघटनेचा मोठा वाटा आहे. ३ जुलै १९६८ रोजी मिलानमध्ये ही संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झालेले सेर्जिओ काम्पाना हे स्वतः व्हिचेन्झा आणि बोलोन्याकडून खेळलेले, वकिली करणारे गृहस्थ होते. त्यांनी हे पद २०११ पर्यंत सांभाळले. मोठ्या खेळाडूंना संघटनेवाचूनही आपले म्हणणे मांडता आले असते. ज्याच्या हाती ना प्रसिद्धी ना पैसा, अशा सेरी सीच्या खेळाडूला मात्र करार म्हणजे काय हे या लढ्यामुळेच कळले, असे मी मानतो.

कायदा आला तरी खेळाडूंची वाटणी थांबली नाही. सहमालकी नावाची एक खास इटालियन पद्धत २०१४ मध्ये इटालियन फुटबॉल महासंघाने ती बंद करण्याचे ठरवीपर्यंत चालू होती. तिच्यात एका खेळाडूच्या हक्कांचा अर्धा वाटा एका क्लबकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे असे. जून महिन्यात दोन्ही क्लबांचे एकमत झाले नाही, तर प्रत्येकाने आपली रक्कम बंद पाकिटात घालून द्यायची आणि ज्याचा आकडा मोठा त्याचा खेळाडू. १९७८ मध्ये पाओलो रोस्सीच्या बाबतीत व्हिचेन्झाने पाकिटात सुमारे २६१ कोटी लिरा लिहिले, तर युव्हेंटसने ८७ कोटी ५० लाख. पुढच्याच हंगामात व्हिचेन्झा सेरी बीत, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, घसरला. ही गोष्ट इटलीत अजून सांगितली जाते, कारण त्यात मोठे नाव होते. सी१ मधल्या मध्यरक्षकांचीही पाकिटे अशीच उघडली जात आणि पुढचे वर्ष आपण कोणत्या शहरात घालवणार हे त्यांना उन्हाळ्यात फोनवरून समजत असे. सहमालकीच्या जोडीला लोनची प्रथा होतीच. वरचा क्लब तरुणांना करारबद्ध करी आणि खालच्या क्लबांकडे वर्षावर्षासाठी धाडी. तक्त्यात 'चार वर्षांत तीन क्लब' असे जे दिसते, ते पुष्कळदा एकाच मालक-क्लबचे निर्णय असतात.

एमानुएले जाक्केरीनीची सुरुवातीची वर्षे याचे उत्तम उदाहरण आहे. तो १९८५ मध्ये तोस्कानातील बिब्बिएना येथे जन्मला, उंचीने जेमतेम १६७ सेंटिमीटर. चेझेना क्लबने त्याला आपल्याकडे ठेवले, पण २००४ पासून फोर्ली, मग बेल्लारिया, मग पाविया असे लोनवर पाठवले. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्याच्या नावावर जे काही होते ते बहुतांशी सी२ मधले. त्या वेळी त्याचा तक्ता एखाद्या जाणकाराला दाखवला असता, तर शरीराने लहान आणि कुठेही स्थिर नसलेला हा खेळाडू लवकरच हौशी फुटबॉलमध्ये जाईल, असेच भाकीत त्याने केले असते. २००८ मध्ये तो चेझेनाला परतला. क्लबने २००९ मध्ये तिसरी श्रेणी जिंकली, २०१० मध्ये सेरी ए ही सर्वोच्च श्रेणी गाठली, आणि २०११ मध्ये जाक्केरीनी युव्हेंटसमध्ये होता, जिथे आन्तोनिओ कोन्ते यांच्या हाताखाली त्याने सलग दोन विजेतेपदे पाहिली.

त्याच चेझेनामध्ये त्याच्या बाजूला मार्को पारोलो खेळत होता. तोही १९८५ चाच. पारोलोची सुरुवात कोमोकडून सी१ मध्ये झाली, परंतु तो क्लब दिवाळखोरीत निघाला आणि २००५ मध्ये कोमो शहराला सेरी डीपासून आरंभ करावा लागला. पारोलोच्या तक्त्यातील पहिला बदल, म्हणजे पिस्तोएझेकडे जाणे, हे माहीत असल्याशिवाय समजत नाही. त्यानंतर फोलिन्यो, त्यानंतर तिसऱ्या श्रेणीत पडलेला हेल्लास व्हेरोना आणि २००९ मध्ये चेझेना. फोलिन्योमध्ये त्याला पिएरपाओलो बीझोली यांनी खेळवले होते आणि चेझेनाचे प्रशिक्षकही तेव्हा तेच होते. या श्रेणीतल्या मध्यरक्षकाची कारकीर्द कशी हलते हे यातून छान दिसते. त्याचे काम आकड्यांत उतरत नसल्याने अनोळखी क्लबला ते दिसत नाही. ज्या प्रशिक्षकाने रोजच्या सरावात ते पाहिले आहे, तोच पुढच्या नोकरीवर जाताना त्याचे नाव घेतो. कुठल्या ओळीत कोण प्रशिक्षक होता, हा रकाना अशा तक्त्यांत नसतो. माझ्या मते सर्वांत आधी तोच जोडायला हवा.

१३ जून २०१६ रोजी लियों येथे युरो स्पर्धेत बेल्जियमविरुद्ध इटलीचा संघ उतरला, तेव्हा मधल्या फळीत दे रोस्सीच्या एका बाजूला पारोलो होता आणि दुसऱ्या बाजूला जाक्केरीनी. ३२ व्या मिनिटाला बोनुच्चीने स्वतःच्या अर्ध्या भागातून लांब चेंडू टाकला, बेल्जियमच्या बचावामागे धावत गेलेल्या जाक्केरीनीने तो एका स्पर्शात ताब्यात घेतला आणि दुसऱ्या स्पर्शात गोलजाळ्यात ढकलला. सामना इटलीने २-० असा जिंकला. पुढे उपान्त्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध पेनल्टींमध्ये इटली हरली, पण या दोघांनी आपापली पेनल्टी अचूक मारली होती. त्या वेळी समालोचनात 'साधे खेळाडू' असा सूर वारंवार लागत असे. सी१ आणि सी२ च्या मैदानांवर दर आठवड्याला आपली जागा नव्याने कमावत आलेल्या माणसांना साधे म्हणणे मला तेव्हाही खटकले आणि आजही खटकते.

अर्थात हे दोघे अपवाद आहेत. त्यांच्यासोबत खेळलेले बहुसंख्य त्याच श्रेणीत राहिले, आणि त्यांच्या तक्त्यांवर सर्वांत खोल खुणा आहेत त्या क्लबांच्या दिवाळखोरीच्या. फिओरेंतिना २००२ मध्ये, नापोली २००४ मध्ये, पार्मा २०१५ मध्ये, बारी २०१८ मध्ये, पालेर्मो २०१९ मध्ये: ही मोठी शहरे असल्याने त्यांची चर्चा झाली. लहान गावांचे क्लब उन्हाळ्यात नोंदणीची मुदत आणि बँकेची हमी चुकल्यामुळे गुपचूप नाहीसे होतात, त्यांची जागा दुसऱ्याला दिली जाते आणि वीस-बावीस खेळाडू एका सकाळी करारमुक्त होतात. पगार आणि विम्याचे हप्ते मुदतीत भरले नाहीत तर क्लबचे गुण कापले जातात. नियम योग्यच आहे. पण मैदानावर मिळवलेले गुण कार्यालयातील चुकीमुळे गेल्याचे पाहणारा खेळाडू स्वतः तोच असतो ज्याचा पगार थकलेला आहे.

आंजेलो दी लिव्हिओचा तक्ता मी अनेकांना मुद्दाम दाखवतो. रोमाच्या युवा संघातून बाहेर पडल्यावर रेज्जाना, नोचेरीना, पेरुजा अशा सी श्रेणीतील क्लबांत त्याची उमेदीची वर्षे गेली, मग पाडोव्हा आणि १९९३ मध्ये युव्हेंटस. तिथे तीन राष्ट्रीय विजेतेपदे आणि १९९६ चा चॅम्पियन्स लीग करंडक त्याने मिळवला. १८ जून २००२ रोजी विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध देजॉन येथे तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला होता. ऑगस्टमध्ये त्याचा क्लब फिओरेंतिना बुडाला आणि फ्लोरेंतिया व्हियोला या नावाने सी२ मध्ये नव्याने उभा राहिला. छत्तीस वर्षांचा दी लिव्हिओ तिथेच थांबला. विश्वचषकानंतर काही आठवड्यांत तो त्याच चौथ्या पायरीवर खेळत होता जिथे १९८७-८८ मध्ये पेरुजाकडून खेळला होता. २००३ मध्ये श्रेणींच्या फेररचनेत क्लबला थेट सेरी बी मिळाली, २००४ मध्ये सेरी ए, आणि २००५ मध्ये त्याने बूट खुंटीला टांगले. त्याच्या तक्त्यात सी२ दोनदा आहे, आणि दुसऱ्या वेळी ती त्याने स्वतः निवडलेली आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १७ फेब्रुवारी २०१९ चा कूनेओ येथील सामना आहे. प्रो पिआचेन्झा या सेरी सी क्लबने कित्येक महिने पगार दिले नव्हते, वरिष्ठ खेळाडू निघून गेले होते आणि क्लब आधीच तीन सामन्यांना गैरहजर राहिला होता. चौथ्यांदा गैरहजर राहिल्यास हकालपट्टी अटळ होती. ती टाळण्यासाठी नियमातली किमान संख्या गाठून सात किशोरवयीन मुले मैदानात उतरवण्यात आली. मध्यंतराला १६-० आणि शेवटी २०-० असा निकाल लागला. पुढे संघाच्या मसाज करणाऱ्यालाही मैदानात उतरावे लागले. दुसऱ्याच दिवशी क्लबला स्पर्धेतून काढण्यात आले आणि त्याच्या सामन्यांचे गुण तक्त्यातून वगळले गेले. बातमी जगभर गमतीची म्हणून फिरली. मला आठवतात ते जानेवारीपर्यंत तिथे विनापगार सराव करत राहिलेले खेळाडू, ज्यांनी जिंकलेले सामनेही त्या दिवसानंतर गुणतक्त्यात उरले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये हंगामाच्या शेवटी शेवटी कातानियाची हकालपट्टी झाली तेव्हाही हेच घडले.

वयाच्या अटींचा परिणाम इतका ठळक नसतो, पण तो जास्त लोकांना भोवतो. सेरी डीमध्ये दर सामन्यात ठरावीक जन्मवर्षांचे काही तरुण मैदानात असलेच पाहिजेत, असा दंडक आहे; त्यांना 'अंडर' म्हणतात. सेरी सीमध्ये तरुणांना खेळवलेल्या मिनिटांनुसार क्लबांना पैसे मिळतात. हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला जागा सहज मिळते आणि तो बावीस-तेवीस वर्षांचा होताच, म्हणजे खेळ पक्का होऊ लागण्याच्या वेळी, ती जागा पुढच्या जन्मवर्षाच्या मुलाला जाते. मध्यरक्षकाला याचा फटका अधिक बसतो, कारण जागा ओळखणे, वेग कमी-जास्त करणे ही त्याची शहाणीव उशिरा येते. तक्त्यात सलग तीन हंगाम तीस-तीस सामने आणि पुढच्या हंगामात अचानक नऊ सामने दिसले, तर आधी त्या खेळाडूचे वय मोजावे. हौशी खेळाडूला वयाच्या पंचविशीपर्यंत क्लबशी बांधून ठेवणारे बंधन मात्र १ जुलै २०२३ पासून टप्प्याटप्प्याने रद्द झाले, आणि सेरी डीचा खेळाडूही त्याच सुधारणेने कायद्याच्या लेखी 'क्रीडा कामगार' ठरला. हे फार आधी व्हायला हवे होते.

एकाच क्लबचे नाव सतरा वेळा असलेला तक्ता क्वचितच सापडतो. फ्रान्चेस्को मान्यानेल्ली २००५ मध्ये सास्सुओलोत आला तेव्हा तो क्लब सी२ मध्ये होता. २००६ मध्ये सी१, २००८ मध्ये मास्सिमिलियानो आल्लेग्री यांच्या प्रशिक्षणाखाली सेरी बी, २०१३ मध्ये सेरी ए आणि २०१६ मध्ये युरोपा लीग. २०२२ मध्ये तो निवृत्त झाला तोवर पाचशेहून अधिक सामने त्याच एका गणवेशात झाले होते. तो निष्ठावान होता यात शंका नाही, परंतु त्याच्यामागे मापेई कंपनीचा स्थिर पैसा होता, दर महिन्याला येणारा पगार होता आणि न बुडणारा क्लब होता, हेही तितकेच खरे. असाच पाठिंबा कोमोला मिळाला असता, तर पारोलोच्या तक्त्यात कदाचित पिस्तोएझे दिसलेच नसते.

कारकिर्दीच्या उतरणीवरच्या ओळी लोक सहसा वाचतच नाहीत. तेहेतीस-चौतीसच्या वयात खेळाडू सेरी डीत उतरतो, मग घराजवळच्या एच्चेल्लेन्झा संघात. दिवसा दुसरे काम आणि संध्याकाळी सराव. काही जण फ्लोरेन्समधील कोव्हरचानो येथे प्रशिक्षणाचे धडे घेतात. ट्रापानीतून सुरुवात करून लुमेत्साने येथे खेळणे थांबवलेल्या विन्चेन्झो इतालियानो या मध्यरक्षकाने प्रशिक्षक म्हणून ट्रापानीला सेरी सीतून आणि स्पेझियाला सेरी बीतून लागोपाठ दोन वर्षे वर नेले, आणि मे २०२५ मध्ये बोलोन्याला इटालियन चषक जिंकून दिला. या पायऱ्यांवर वावरलेल्या माणसाला संघ कसा बांधायचा हे शिकवावे लागत नाही, असे मला त्याचे संघ पाहताना नेहमी वाटते.

दामियानो तोम्मासीच्या तक्त्याचा शेवटही पाहण्यासारखा आहे. रोमाबरोबर २००१ चे विजेतेपद मिळवलेला हा मध्यरक्षक २००४ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने जवळपास संपला होता. करार संपल्यावर त्याने क्लबकडे संघटनेने ठरवलेले किमान वेतन, महिना १,५०० युरो, एवढेच मागितले आणि परत येऊन खेळला. पुढे स्पेन, इंग्लंड आणि चीनमध्ये खेळून झाल्यावर तो व्हेरोनाजवळच्या सान्त'आन्ना दाल्फाएदो या गावाकडून सेकोंदा कातेगोरिया या स्थानिक हौशी श्रेणीत खेळू लागला. २०११ मध्ये काम्पानांनंतर खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. ज्या खेळाडूंच्या थकलेल्या पगारांसाठी आणि करारांसाठी त्याला क्लबांशी बोलावे लागे, त्यांतले कितीतरी सेरी सीचे होते.